'इतला दम कोठे ऱ्हास?' : खान्देशी शब्द आणि चित्रपटगीतातला श्वास

मला मल्याळम येत नाही. तरीही बरेच दिवस मी एका मल्याळम चित्रपटाची गाणी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. २०२४च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला 'भ्रमयुगम'. दिग्दर्शक राहुल सदाशिवन, संगीत क्रिस्टो झेवियर. जळगावला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने आपला हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि म्हणाला, "मामा, चित्रपट नंतर बघा. आधी नुसतं ऐका."

चित्रपट मी नंतर पाहिला. आख्खा कृष्णधवल. सतराव्या शतकातला मलबार, गुलामीतून पळालेला पाणन जातीचा एक गायक आणि रानातल्या पडक्या वाड्याचा धनी कोडुमण पोट्टी, म्हणजे मामुट्टी. पोट्टी त्या गायकाला आसरा देतो, गायला लावतो आणि मग वाड्याबाहेर जाऊ देत नाही. गाणाऱ्याचा गळा कोणाच्या मालकीचा, हा त्या कथेतला एक प्रश्न आहे. पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा यातले मला काहीच ठाऊक नव्हते. शब्द कळेनात, म्हणून कान दुसरीकडे गेला. गायक श्वास कुठे घेतो, ओळ कुठे तुटते, तुटल्यावर त्या जागेत काय वाजते, हे ऐकू येऊ लागले. भाषा कळत असली की आपण श्वास ऐकत नाही. वाक्याचा अर्थ तो खड्डा बुजवून टाकतो.

मग वाटले, हाच कान आपल्या गाण्यांना लावून पाहावा. अर्थ पाठ असलेली गाणी अर्थ बाजूला ठेवून ऐकावीत. त्यासाठी दोन चित्रपट घेतले : 'मानिनी' (१९६१) आणि 'जैत रे जैत' (१९७७). खान्देशातल्या आणि खान्देशाला लागून असलेल्या अजिंठ्याच्या पायथ्याच्या शब्दांनी मराठी चित्रपटाच्या तबकडीत ठळकपणे घर केले, ते या दोन ठिकाणी. आमच्याकडे दोन्हींचा अभिमान आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून पुढाऱ्याच्या वाढदिवसापर्यंत 'ही आपली गाणी' असे म्हटले जाते. त्यांत आपले नेमके काय आहे, हे मात्र फारसे कोणी ऐकत बसत नाही.

माझा अधिकार काय, हेही सांगून टाकतो. संगीताचे शिक्षण नाही. बारावीनंतर धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीला बसलो आणि पुढे वीस वर्षे तेच केले. दुरुस्त केलेला टेप तपासायला प्रत्येक कारागिराची एक ठरलेली कॅसेट असते. माझी 'जैत रे जैत'ची होती. 'नभं उतरू आलं' लावायचे. त्यातला लांब स्वर थरथरला, की समजायचे बेल्ट सैल झाला किंवा रबरी रोलर झिजला. आवाज दबका आला, तर हेडवर मळ. म्हणजे हे गाणे मी हजारदा तरी ऐकले असेल, पण गाणे म्हणून क्वचितच.

आता लेखाच्या शीर्षकाविषयी. माझी मावशी साक्री तालुक्यातली. पहाटे दळायची आणि दळताना म्हणायची. गावात गिरणी आल्यावरही डाळ भरडायला तिने जाते काढले नव्हते. एकदा मी तिला दुकानातल्या टेपवर 'मानिनी'तले 'अरे संसार संसार' ऐकवले. बहिणाबाईंचे शब्द, वसंत पवारांची चाल, सुमन कल्याणपूर यांचा आवाज. मावशीने डोळे मिटून सगळे ऐकले आणि म्हणाली, "गानं गोड शे बापू, पन दयन दयताना इतला दम कोठे ऱ्हास?" दळण दळताना इतका दम कुठे असतो?

तेव्हा मी हसलो होतो. आज वाटते, एवढी नेमकी समीक्षा मी नंतर कुठे वाचली नाही.

जात्यावर बसलेल्या बाईचा श्वास तिचा एकटीचा नसतो. तो खुंट्याला बांधलेला असतो. हाताला ओढ बसली की छाती आवळते, फेरा सैल झाला की मोकळी होते, आणि त्या मोकळ्या क्षणात जेवढे शब्द बसतील तेवढी ओळ. ओवीचा शेवटचा चरण तोकडा का, याची छंदःशास्त्रातली उत्तरे असतील. मावशीला विचारले असते तर ती म्हणाली असती, तिथे मूठ घालायची असते. दाणे घालायला एक हात खुंट्यावरून सुटतो, दगडाची घरघर बदलते, आवाज थांबतो. ती जागा रिकामी नसते, तिथे काम चाललेले असते.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८०चा, असोद्याचा. लग्न होऊन त्या जळगावात आल्या. अक्षरओळख नव्हती. जे सुचे ते घरोटावर, शेतात, चुलीपुढे म्हणत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि नात्यातल्या एका मुलाने ते कागदावर उतरवले. १९५१मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. म्हणजे शब्द कागदावर उतरले, आवाज उतरला नाही. त्या कोणत्या सुरात म्हणत, कुठे थांबत, हे पुस्तकात नाही आणि असूही शकत नव्हते.

नऊ वर्षांनी ते शब्द अनंत माने यांच्या चित्रपटात गेले. संगीतकार वसंत पवार. 'सांगत्ये ऐका'च्या लावण्यांनी महाराष्ट्र डोलवणारा हा माणूस. या शब्दांना ढोलकीचा ठसका दिला असता तरी लोकांनी तो घेतला असता. पण इथे पवारांनी हात आखडता घेतला आहे. चाल सोपी, वाद्ये बेताची, सुमनताईंचा आवाज मऊ आणि एकसारखा. या संयमाचे मोल मोठे आहे आणि ते मी आधीच मान्य करून टाकतो. पण श्वासाकडे कान ठेवून ऐकले, की मावशीचे म्हणणे पटते. ओळीच्या शेवटी स्वर लांबतो आणि विरघळतो. कडवे संपले की वाद्ये येतात आणि गायिकेला विसावा देतात. तोकडा चरण तोकडा राहत नाही, त्याला स्वराने भरून काढलेले आहे. बहिणाबाईंच्या रचनेत जिथे काम होते, तिथे चित्रपटात भाव आला. राबणारी बाई बसून विचार करणारी बाई झाली.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो, की चित्रपटाने बोली सपाट केली. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. शाळा शाया होते, डोळा डोया होतो, दळण दयन होते. मुंबईच्या स्टुडिओत गाणाऱ्या गळ्यात तो 'य' पुरता बसणार नाही, हे उघड आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाने तर १९०७मध्ये खान्देशी बोली मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात घातली होती, इतका तिचा वेगळेपणा त्याच्या कानाला जाणवला. तरी मला हा आक्षेप दुय्यम वाटतो. उच्चार चार दिवसांत शिकवता येतो. आजकाल यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांत उच्चार अस्सल असतात आणि खाली ठेका मात्र कुठल्याही लग्नातल्या डीजेचा असतो. 'शे' आणि 'ऱ्हास' म्हटले की गाणे अहिराणी होत नाही.

या नुकसानीला दुसरी बाजू आहे. आज जळगावच्या कुठल्याही शाळेत मुली नऊवारी नेसून, पुठ्ठ्याचे जाते करून बहिणाबाई म्हणतात, त्या 'मानिनी'च्या नाहीतर पुढे यशवंत देवांनी उत्तरा केळकरांकडून गाऊन घेतलेल्या चालीत. ती चाल आता लोकांची झाली आहे. मी एका शाळेत परीक्षक होतो. एका मुलीने पुठ्ठ्याचे जाते खरोखर जोर लावून फिरवायचे ठरवले आणि तिची चाल मध्येच तुटू लागली. बाईंनी खुणेने तिला हात थांबवायला सांगितले. मी तिला पहिला नंबर दिला, बाकीच्या दोन परीक्षकांनी तिसरा. असो.

आता 'जैत रे जैत'. या चित्रपटाशी आमचे नाते दोन माणसांमुळे. चिंधी झालेली स्मिता पाटील ही शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी, म्हणून धुळे जिल्हा तिला आपली मानतो. आणि गीतकार ना. धों. महानोर. त्यांचे पळसखेडे जिल्ह्याच्या हिशेबाने औरंगाबादचे, पण शाळा शेंदुर्णीची, कॉलेजचे पहिले वर्ष जळगावचे आणि ते वर्ष अर्धवट टाकून माणूस शेतीकडे परतलेला. १९६७च्या 'रानातल्या कविता'ने त्यांचे नाव झाले. पुढच्या एका संग्रहाचे नाव त्यांनी 'वही' ठेवले. शहरातल्या वाचकाला त्यात लिहिण्याची वही दिसते. आमच्याकडे वही हा समूहाने गायचा प्रकार आहे. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात.

पण मूळ कथा इथली नाही. गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. राणीमाशीच्या दंशाने डोळा गमावलेला नाग्या, त्याचा लिंगोबाच्या डोंगराशी मांडलेला झगडा, मनाविरुद्धच्या लग्नातून बाहेर पडलेली चिंधी. दिग्दर्शक जब्बार पटेल, निर्मात्या उषा मंगेशकर, संगीत हृदयनाथ मंगेशकर. म्हणजे कोकणपट्टीतल्या आदिवासींच्या तोंडी अजिंठ्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याचे शब्द, आणि ते गायला मुंबई-पुण्याचे गळे. इथे 'अस्सल' काय आहे, असे कोणी खवचटपणे विचारले तर प्रश्न रास्त आहे.

असा प्रश्न केरळलाही पडलेला होता. तकळींच्या कादंबरीवर रामू करियत यांनी १९६५मध्ये 'चेम्मीन' केला, तो तिथल्या कोळ्यांचा. संगीत मात्र सलील चौधरींचे आणि त्यातले एक फार गाजलेले गाणे मन्ना डे यांचे. संगीतकार बंगाली, गायकही बंगाली. आपल्याकडे शांता शेळक्यांच्या कोळीगीतांना हृदयनाथांनी चाली दिल्या, तेव्हा डोलकराचा आवाज हेमंतकुमारांचा होता, तेही बंगालीच. हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांवरच्या कोळ्यांना बंगाल्यांनी आवाज द्यावा, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. ती गाणी खोटी वाटत नाहीत, हेही खरे. तेव्हा गळा कुठला, यावर निकाल लावता येत नाही. श्वास कसा वाटला आहे, हे ऐकावे लागते.

'मी रात टाकली' घ्या. आधी त्यातले क्रियापद. खेड्यात 'टाकलेली बाई' हा शब्द प्रत्येकाने ऐकलेला असतो. टाकणारा पुरुष, टाकली जाणारी बाई. महानोरांनी क्रियापद तेच ठेवले आणि कर्ता बदलला. चिंधी टाकणारी आहे. 'सोडली' म्हटले असते तर अर्थ तोच राहिला असता, पण ही झुंज उरली नसती. शिवाय 'टाकली'तला 'ट' जिभेला टाळूवर आपटायला लावतो. प्रत्येक वेळी तिथे एक लहानसा ठोका पडतो, तो वाद्याने द्यावा लागत नाही.

पण खरी गोष्ट मांडणीत आहे. मुख्य आवाज लताबाईंचा. त्यांच्या दमसासाविषयी मी काय लिहावे? त्या अख्खी ओळ एका श्वासात सहज नेऊ शकत होत्या. असे असूनही या गाण्यात ओळ त्यांच्यापाशीच ठेवलेली नाही. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे पुरुषी स्वर मधे शिरतात, ओळ उचलतात, पुढे ढकलतात. लताबाईंचा स्वर थांबतो तिथे व्हायोलिनांचा ताफा येत नाही, माणसे येतात. आमच्या वहीतले झीलकरी हेच करतात. मुख्य गाणारा दम घेतो, तेवढा वेळ गाणे दुसऱ्यांच्या छातीत चालू राहते. एकट्याचा दम पुरत नाही म्हणून चार जणांनी गाणे वाटून घ्यायचे, ही श्रमाच्या गाण्याची पद्धत. ती इथे तबकडीवर जशीच्या तशी आली आहे, आणि तीही जिला दमाची ददात नव्हती अशा गायिकेच्या गाण्यात.

ही पद्धत हृदयनाथांनी कुठून घेतली? लोकगीतांतून, असे सहज म्हणता येईल. मला त्यात आणखी एक धागा दिसतो. जब्बार पटेलांनी १९७२मध्ये 'घाशीराम कोतवाल' बसवले होते. त्या नाटकात माणसांची भिंत गाते, तीच कथा सांगते, तीच अडवते आणि तीच नाचते. 'जैत रे जैत'चा नायक मोहन आगाशे त्यातलाच नाना. साठे आणि काळे हे आवाजही पुण्याच्या त्याच प्रायोगिक वर्तुळातले. चित्रपटात गाणी पात्रांच्या ओठांवरच बसलेली नाहीत. ती बाजूने येतात, पुढचे सांगतात, मागचे उचलतात. महानोरांची वही आणि पुण्याची भिंत इथे एकमेकांना भेटल्या, असे मला वाटते. दोघांनी तसे ठरवले असेलच असे नाही.

'जांभुळपिकल्या झाडाखाली' यात आशाबाई आणि साठे. मुखड्यातच दूरवर वाजणारा ढोल कोणाचा, हा प्रश्न आहे. 'जांभुळपिकल्या' हा एकच शब्द पाहा. 'जांभळं पिकलेल्या' असे दोन शब्द केले असते तर चार पावले जास्त झाली असती. महानोर शब्द चेपून एका उचलीत बसवतात. चढावर चालणाऱ्या माणसाला लांब विशेषणे परवडत नाहीत. साठ्यांचा आवाज तर या सगळ्या गाण्यांतला मला सर्वांत जवळचा. त्यात थोडी माती आहे, आणि ती त्यांनी धुऊन टाकलेली नाही.

आता माझ्या जुन्या कॅसेटवरच्या गाण्याकडे येतो. 'नभं उतरू आलं'. प्रमाण मराठीत आपण 'उतरून आलं' म्हणू. मधला 'न' गेला आणि तोंड उघडे राहिले. 'उतरून' म्हणताना शेवटी जीभ स्वर अडवते. 'उतरू' म्हणताना 'ऊ' मोकळा सुटतो, हवा तेवढा लांबवता येतो. आशाबाईंना चालीत जी जागा मिळाली ती या गाळलेल्या 'न'मुळे. कवीने एक अक्षर कमी लिहिले आणि गायिकेला आभाळ दिले. टेपची थरथर तपासायला मी हे गाणे लावत असे, त्याचे कारणही हाच मोकळा स्वर.

तरीही, आणि हे लिहिताना मला जड जाते, हे सर्वांत लाडके गाणे या चित्रपटात मला सर्वांत परके वाटते. ते एकटीचे आहे. त्यात झील नाही, कोणी ओळ उचलायला येत नाही. दम लागत नाही, दम दाखवलाही जात नाही. एक अतिशय सुंदर आवाज स्वतःसाठी गातो आहे. ही 'मानिनी'कडची वाट आहे. मैफलीत ते गाणे सहज घेता येते आणि घेतलेही जाते. 'मी रात टाकली' मैफलीत एकट्याने गायले, की त्याचा अर्धा जीव जातो. कुठल्याही स्पर्धेत ऐकून पाहा.

महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. त्यानंतर आमच्याकडे झालेल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत गायले गेले ते बहुतेक 'नभं उतरू आलं'च. मीही त्यांतल्या दोन कार्यक्रमांना होतो. डोळे भरले नाहीत असे म्हणणार नाही.

गाय पॉटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ऐकताना शब्दांआधी दगड ऐकू येतो, मग श्वास. असे काम आमच्या भागात गावोगाव व्हायला हवे होते. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, सातपुड्यातल्या पावरा आणि तडवींची गाणी. ठाकरांचा आवाज मुंबई-पुण्याने घेतला, असे मी वर सुचवले. पण आपल्या दारातल्या भिल्लांचा ढोल आम्ही किती ऐकला? चित्रपटवाल्यांना दोष देणे सोपे आहे, कारण त्यांनी निदान काहीतरी मुद्रित केले.

माझ्याकडे तर मुद्रणाची यंत्रे होती. वीस वर्षे टेबलावर रोज पाचसात टेपरेकॉर्डर उघडे पडलेले असत. लोक कॅसेट आणून देत, 'यावर नवी गाणी भरून द्या' म्हणत. पुष्कळ कॅसेटींवर आधीचे काहीतरी असे. कोणाच्या लग्नातली बायकांची गाणी, कोणाच्या आजीची ओवी, कोणाच्या बारशाचा पाळणा. मी तपासायला दहा सेकंद ऐकायचो आणि वरून भरायचो. साठ मिनिटांच्या कॅसेटचे पैसे ठरलेले होते.

मावशीच्या ओव्या मी एकदा भरल्या होत्या, १९९०च्या आसपास, जात्यापाशी टेप ठेवून. ती कॅसेटही पुढे कधीतरी घाईत हाताशी आली आणि तिच्यावर 'जैत रे जैत' गेले. हे मला मावशी गेल्यानंतर कळले. गाणी संपतात तिथे बाजूच्या टोकाला थोडी फीत उरली होती. तीवर मावशी आहे. दगडाची घरघर, एक श्वास, ओवीचा शेवटचा तोकडा चरण, मग थांबते. दाणे पडल्याचा आवाज येतो. पुन्हा श्वास घेते, आणि फीत संपते. ते तुकडे मी आता संगणकावर घेतले आहेत आणि भाच्याच्या हेडफोनवर ऐकतो. टेप थोडा हळू चाललेला आहे, बेल्ट सैल असावा. दुरुस्त करता येईल, पण अजून हात लावलेला नाही.